जावयाच्या गाडीचा पोचा

गाडीला पडलेला पोचा घरच्या घरी काढता येतो असं जो कोणी सांगतो, त्याला मी पहिला प्रश्न विचारतो, की बाबा, गाडी कुणाची होती? स्वतःची असली तर काढ की. गरम पाणी ओत, बर्फ चोळ, वाटलं तर डोकं आपट. पण गाडी जावयाची असली, महिना धोंड्याचा असला आणि जावई आत पंख्याखाली घोरत असला, तर हात मागं बांधून गप बसावं. हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं, कारण तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. शाळेनं मला सातवीत सोडलं, आणि मी शाळेला त्याच्या बराच आधी सोडलेलं होतं. परवा नातवानं मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. त्यात हातमोजे घातलेला एक माणूस केस वाळवायचं मशीन घेऊन गाडीच्या दारावर गरम वारा सोडतो, मग कसला तरी गार फवारा मारतो, आणि टक् करून पोचा बाहेर. नातू म्हणतो, "आबा, एका मिनिटात!" मी म्हणलं, बाळा, त्या माणसाच्या मागं त्याची आई उभी आहे का? बाप उभा आहे का? शेजारी कुंपणावरून सल्ले देतोय का? नाही ना? मग होणारच एका मिनिटात.

आम्ही तेव्हा एकलहऱ्याला कॉलनीत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, थर्मलमध्ये, म्हणजे तिथल्या वीजकेंद्रात, कोळशाकडं होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं हातभर अंगण, अंगणात तुळस, धुण्याचा दगड आणि पाणी तापवायचा तांब्याचा बंब. राख आमच्याकडं घरच्या माणसासारखी राहायची. आई पापड वाळत घालायची तर पापडावर जुनी साडी, साडीवर राख. अण्णांचा पांढरा बनियन पांढरा असा मी फक्त दुकानात बघितलेला. आणि आवाज तर विचारूच नका. दिवसभर कोळशाच्या पट्ट्याची घरघर, मधूनच वाफ सुटली की आभाळ फाटल्यासारखी फुस्स, आणि पाळी बदलली की भोंगा. नवख्या माणसाच्या छातीत धस्स व्हावं असा भोंगा. पण आमचे कान त्याला इतके सरावलेले, की आई विचारायची, "का रे, तीनचा भोंगा झाला का?" आणि तो तेव्हा चालू असायचा.

माझं काम म्हणाल तर नाशिकरोडला एका सायकलच्या दुकानात मी पंक्चर काढायचो. तेही मालक बघत असला तर. पण एवढ्यावर घरात माझी अशी ख्याती, की दत्त्याला गाड्यांमधलं कळतं. सायकलला दोन चाकं, मोटारीला चार, म्हणजे दत्त्याला आत्ताच निम्मं येतंय, असा अण्णांचा हिशोब. मीही तो कधी खोडून काढला नाही. माणसाला आयुष्यात कुठूनतरी मान मिळायला पाहिजे ना.

माझी मोठी बहीण सुमन, आमची ताई, लासलगावला दिलेली. सासरची माणसं कांद्याच्या व्यापारातली, खाऊनपिऊन सुखी. दाजी स्वभावानं गरीब, म्हणजे इतके गरीब की घरात पंखा लावायचा तरी आईला विचारायचे. ती आई म्हणजे आमच्या विहीणबाई. मोठं कुंकू, करडा आवाज, आणि प्रत्येक गोष्टीत शकुन-अपशकुन. त्या साली कांद्याला चांगला भाव लागला आणि त्यांनी पांढरी कोरी मोटार घेतली. विहीणबाई तिला गाडी म्हणायच्याच नाहीत, लक्ष्मी म्हणायच्या. "लक्ष्मी धुतली का? लक्ष्मीला उन्हात नका लावू." दोन महिने ती लक्ष्मी दारातून फार तर देवळापर्यंत गेली असेल. आणि नेमका धोंड्याचा महिना आला. लग्नानंतरचा ताईचा पहिलाच. जावयाला बोलावून धोंडे खाऊ घातलेच पाहिजेत. दाजींनी कुठून हिंमत आणली कुणास ठाऊक, पण ते आईला म्हणाले, की सुमनला पाचवा महिना आहे, एसटीचे धक्के नकोत, मी गाडीनं नेतो.

आता खरी गोष्ट ही होती, की त्या दिवशी आमच्या घरात धोंड्यांपेक्षा मोठं एक काम होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. पण विहीणबाईंनी आधीच नाक मुरडलेलं. "तिथं राख उडती. माझं नातवंड राखेत नको." ताई मागच्या दिवाळीला आली होती तेव्हाच सासरी परतताना तिचे डोळे भरलेले. ती बोलून दाखवायची नाही, पण आईला कळत होतं, की पोरीला त्या वेळी आपली आई जवळ पाहिजे, विहीणबाईंचा करडा आवाज नको. म्हणून ठरलं असं, की जावयाला पोटभर जेवू घालायचं, खूश करायचं, आणि मग अण्णांनी हळूच विषय काढायचा. आईनं मला सकाळीच बजावलं, "दत्त्या, आज तोंड उघडायचं नाय. नुसतं हसायचं. दात दाखवायचे नायत."

जेवण असं झालं, की आजही आठवलं तर मला ढेकर येतो. तुपात सोडलेले पुरणाचे धोंडे, पोळ्या, कटाची आमटी, कुरडया, आणि आमरस. रसात घालायला शेजारच्या साळवे काकांच्या फ्रिजमधून बर्फ आणलेला, कारण आख्ख्या ओळीत फ्रिज त्यांच्याकडंच. आई आग्रह करत होती, अण्णा आग्रह करत होते, मी नुसता हसत होतो. दाजी नाही म्हणायला लाजत होते आणि खात होते. पाट सोडून उठले तेव्हा त्यांची चाल बदललेली. आईनं तांब्याच्या ताटात अनारसे, वर दिवा असं वाण दिलं. दाजी म्हणले, "मामी, मी जरा पाच मिनिटं पडतो. गाडीची पूजा तेवढी तुम्ही करून घ्या, आईनं सांगितलंय. माहेरच्या लोकांनी ओवाळून नारळ फोडायचा म्हणली. चारला निघायचंय आम्हाला." आणि पाच मिनिटं म्हणता म्हणता त्यांचं घोरणं सुरू झालं. असं संथ, एका लयीत, की बाहेरचा कोळशाचा पट्टा आणि दाजी यांच्यात फरक कळेना. अण्णांचा विषय घशातच राहिला.

आईनं गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. ताई बाजूला उभी. नारळ फोडायचा मान मेहुण्याचा, म्हणजे माझा. खरं तर नारळ ओवाळायचा आणि पुढच्या चाकाजवळ दगडावर फोडायचा, एवढंच काम. लहान पोरगंसुद्धा करतं. पण मला वाटलं, एका फटक्यात फोडून दाखवू. आता हे लक्षात घ्या, की मी जेवून उठलो होतो आणि हात धुतले होते आमच्या पद्धतीनं, म्हणजे बोटांची टोकं भिजवून पँटला पुसले होते. कोपरापर्यंत तूप. मी नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेला, मनात म्हणलं जय हो, आणि खाली आणताना माझ्या हातात नारळ नव्हताच. तो वरच राहिला. म्हणजे क्षणभर वरच राहिला, आणि मग मागच्या मागं जाऊन गाडीच्या पुढच्या मडगार्डवर पडला. आवाज टण्ण असा यायला पाहिजे होता. आला बद्द. नारळ घरंगळत तुळशीपाशी गेला, आख्खाच्या आख्खा, शेंडीला धक्का नाही. मडगार्डला मात्र वाटीएवढा पोचा.

आतून घोरण्याचा आवाज येत होता, तो एकदा अडखळला, आमचे चौघांचे श्वास अडखळले, आणि मग तो पुन्हा सुरू झाला. आईनं आधी तोंडाला पदर लावला, मग तो पदर काढून मला पाठीत एक दिली. "नारळ फुटला नाय रे मेल्या, गाडी फोडलीस!" ताई धुण्याच्या दगडावर बसली. हळूच म्हणली, "झालं. आता सासूबाई म्हणतील, एकदा माहेरी धाडली तर लक्ष्मीला पोचा पाडून पाठवला. बाळंतपणाचं तर नावच नका काढू." तिनं एवढं म्हणलं, आणि आम्हाला कळलं, की आता हा नुसता पोचा राहिलेला नाही. चारच्या आत तो निघाला तर ताई माहेरी येणार. नाही निघाला तर नाही. तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले असतील.

अण्णा पुढं झाले. अण्णांनी आयुष्यभर कोळसा, आग आणि लोखंड बघितलेलं. त्यांनी बोटाच्या पेरानं मडगार्ड वाजवलं. ठक ठक. "पत्रा लय जाड आहे," ते कौतुकानं म्हणले. "भारी गाडी. दत्त्या, खालून हात घाल आणि ढकल." मी चाकाच्या वरच्या पोकळीत हात घातला. आतून बघतो तर पत्र्याला असा मोठा डोंगर आलेला, परातीएवढा, हातात मावेना. मी म्हणलं, "अण्णा, आतून लय मोठा फुगवटा आहे." अण्णा म्हणले, "कंपनीनं मजबुतीला दिला असेल." आणि मी, ज्याला गाड्यांमधलं कळतं, म्हणलं, "हां, देतात तसा." हे वाक्य मला अजून कधीकधी झोपेतून उठवतं.

अण्णांचा सिद्धांत असा, की लोखंड तापलं की वाढतं आणि वाढलं की जागेवर येतं. बंब पेटलेलाच होता. मी तांब्या तांब्यानं उकळतं पाणी आणून ओततोय, अण्णा टॉवेलानं दाबताहेत, कुंकवाचं स्वस्तिक विरघळून लाल ओघळ जमिनीवर चाललेत, आणि आई मागं पुटपुटतेय, "आता तर रक्त बी आलं." पोचा जागचा हलला नाही. उलट माझ्या पायाच्या अंगठ्यावर फोड आला, तो मात्र लगेच वाढला आणि जागेवर आला.

एवढ्यात कुंपणावर साळवे काका उगवले. हा माणूस मनानं सोन्याचा, पण त्याला हळू बोलता यायचं नाही. वर्कशॉपात मशीनपाशी आयुष्य गेलेलं. ते ओरडले, "काय ओ, पोचा का?" आम्ही चौघांनी ओठांवर बोट ठेवलं. "बरं बरं," ते तेवढ्याच जोरात म्हणले, "नुसतं गरम करून भागत नसतं! गरमवर गार पाहिजे! झटका बसला पाहिजे पत्र्याला!" आणि गेले फ्रिजकडं. जाताना सांगून गेले, की त्यांच्या मेहुण्याच्या स्कूटरला असाच पोचा होता आणि असाच निघाला. पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं, की त्यांच्या मेहुण्याकडं स्कूटर कधी नव्हतीच. पण त्या दिवशी त्यांनी बर्फाचे ट्रे आणले, दाजी उठल्यावर पुन्हा रस द्यायचा म्हणून ठेवलेले. तो सगळा बर्फ आम्ही उकळत्या मडगार्डवर चोळला. चर्र चर्र आवाज आला. अण्णा कान लावून म्हणले, "ऐक, पत्रा बोलतोय." मी कान लावला. पत्रा खरंच बोलत होता, बारीक कट्‌कट्‌ करत. काय सांगत होता ते आम्हाला कळायला पाहिजे होतं. पोचा तिथंच. फक्त त्याच्याभोवती केसासारखी एक रेघ दिसायला लागली. अण्णा म्हणले, "निघायला लागलाय."

मी आजही म्हणतो, की माणसानं एखादं काम बिघडवायचंच ठरवलं असेल, तर त्याला एक सल्लागार पुरतो. आम्हाला मिळाले दोन, आणि तिसरी आई. साळवे काका दुसऱ्यांदा आले ते हातात संडास तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप घेऊन. लाकडी दांडा, खाली काळी रबरी वाटी. "हा लावायचा आणि खेचायचा. हवेनं येतो बाहेर!" आईनं तो बघितला आणि ती गाडीपुढं हात पसरून उभी राहिली. "पूजा झालेल्या गाडीला संडासचा पंप? अहो, त्यांच्या आईसाहेब हिला लक्ष्मी म्हणतात!"

"वहिनी, धुतलाय!"

"कशानं धुतलाय?"

"नळाखाली!"

"आमच्या घरात देव आहेत, काका."

शेवटी ताईच म्हणली, "आई, लावू दे गं. तीन वाजायला आले." आईनं तुळशीतलं पाणी पंपावर शिंपडलं, पुन्हा शिंपडलं, देवाची माफी मागितली आणि तोंड भिंतीकडं करून उभी राहिली. मी पंप लावला, दाबला, तो घट्ट चिकटला. इतका घट्ट की निघेचना. एक पाय टायरला लावून मी मागं ओढतोय, अण्णा मला कमरेला धरून ओढताहेत, काका कुंपणावरून "हप्पा, हप्पा" करताहेत. पंप फट्ट करून सुटला, अण्णा धुण्याच्या दगडावर आणि मी अण्णांवर. आतलं घोरणं थांबलं. आम्ही जसे पडलो होतो तसेच पडून राहिलो. अण्णा माझ्या खालून कण्हत होते, तेही हळू आवाजात. मग पलंग करकरला, दाजींनी कूस बदलली, आणि घोरणं पुन्हा चालू. पोच्यावर आता रबराचा काळा गोल छापा उमटला होता. म्हणजे इतका वेळ पोचा शोधावा लागायचा, आता त्याला चौकट मिळाली.

मग आईचा संयम संपला. ती आत गेली आणि पोळ्यांचं लाटणं घेऊन आली, त्याला अण्णांचा जुना लंगोट गुंडाळलेला. "पोचा पडलेली भांडी मी आयुष्यभर कशी सरळ करती, बघितलंय का कुणी? आतून ठोकायचं. पुरुष माणसांना पाणी ओतायचं सुचतं, ठोकायचं सुचत नाय." बोलणं खरं होतं. आमच्या घरातली सगळी पितळी पातेली आईनं अशीच आतून ठोकून वापरात ठेवलेली. पण ठोकायचं म्हणजे आवाज होणार. जावई उठणार. सगळे विचारात पडले, आणि हे सांगायला मला लाज वाटते, की उपाय मला सुचला. आयुष्यात सुचलेला तो पहिला. मी म्हणलं, "तीनचा भोंगा होईल ना आता. भोंगा वाजतोय तोवर ठोकून घेऊ. भोंग्यात काय ऐकू येतंय?"

सगळ्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की आपल्या घरात एक हिरा होता आणि आपण ओळखलाच नाही. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. साळवे काका म्हणले, "पोरगा हुशार आहे ओ तुमचा!" मी लाटणं घेऊन चाकाच्या पोकळीत डोकं घालून बसलो. अण्णा घड्याळ बघत. आई पदर खोचून. आणि भोंगा वाजला. मी असा ठोकत सुटलो की विचारू नका. धाड धाड धाड. त्या डोंगरावर जीव तोडून. मध्येच काहीतरी सरकल्याची जाणीव झाली, अण्णा ओरडले, "आलं, आलं!" आणि मडगार्डच्या बाहेरच्या अंगानं पुरणपोळीएवढी एक जाड चकती सुटून अण्णांच्या पायावर पडली. एका बाजूनं पांढरा रंग, दुसऱ्या बाजूनं राखाडी भुसा. भोंगा थांबला. मी थांबलो नाही, कारण भोंगा थांबलेला मला कळतच नाही.

आणि त्या आख्ख्या दुपारभरात एक साधी गोष्ट आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती, की भोंगा ऐकू येत नाही तो आम्हाला. दाजी लासलगावचे. त्यांनी तो आवाज उभ्या जन्मात ऐकलेला नव्हता. दार धाडकन उघडलं आणि दाजी बनियन-लुंगीवर बाहेर, एका हातात अनारशांचं ताट, कारण घाबरलेल्या माणसानं जे हाताशी आलं ते उचललेलं. "मामा, काय पेटलं? काय पेटलं?"

काही पेटलं नव्हतं. त्यांच्यापुढं चित्र असं होतं, की सासरा एका पायावर उभा, सासू लाटण्यावरून सुटलेला लंगोट हातात धरून, शेजारी कुंपणावर संडासचा पंप घेऊन, मेहुण्याचं बूड चाकातून बाहेर, आणि आपल्या गाडीच्या मडगार्डात परातीएवढं भगदाड. म्हणजे भोक नाही, पण चेपलेला, काळवंडलेला पत्रा, कुणीतरी गुडघा मारल्यासारखा. मी डोकं बाहेर काढलं. आईनं बजावलं होतं म्हणून हसलो. दात दाखवले नाहीत.

आई रडायलाच लागली. "जावईबापू, चुकी आमची. त्याच्या हातून नारळ सुटला, जरासा पोचा होता हो, आम्ही काढायला गेलो..." अण्णा तर चकती पुन्हा मडगार्डला लावून बघत होते, जणू दाबून धरली तर बसेल. आता दाजी ओरडणार म्हणून मी मान खाली घातली. पण दाजी ओरडले नाहीत. ते गाडीकडं बघत नव्हतेच. त्या चकतीकडं बघत होते. मग त्यांनी रस्त्याकडं बघितलं, इकडंतिकडं बघितलं, अनारशांचं ताट दगडावर ठेवलं आणि एकदम बारीक आवाजात म्हणले, "आईला सांगू नका."

"आम्ही कशाला सांगू?" आई म्हणली. "आमचीच चुकी."

"तसं नाय मामी." दाजींनी घाम पुसला. "हे पुट्टी भरलेलं आहे. गाडी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी मार्केट यार्डात कांद्याच्या ट्रॉलीला घासली, पत्रा पार आत गेला. आई नेमकी लग्नाला गेलेली. एक पेंटर धरला, त्यानं एका दिवसात त्या खड्ड्यात पुट्टी भरून रंग मारून दिला. घरात कुणाला म्हणजे कुणाला माहीत नाय."

मी म्हणलं, "म्हणजे तो डोंगर कंपनीचा नव्हता?" अण्णांनी मला डोळ्यांनीच गप केलं.

तेवढ्यात ताई उठली. आमची ताई लग्नाआधी कशी होती ते कॉलनीला माहीत होतं. सासरी जाऊन ती गोगलगाय झाली होती. ती धुण्याच्या दगडावरून उठली, पदर झटकला, त्यातून चिमूटभर राख उडाली, आणि नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. "दुपारपासून मी इथं बसून सगळ्या देवांना हात जोडतीय. माझ्या म्हाताऱ्या बापाचं कंबरडं मोडलं. आईनं देवाच्या गाडीला संडासचा पंप लावून घेतला. हे सगळं तुमच्या ट्रॉलीपायी?"

"सुमन, हळू..."

"का हळू? आता कोण झोपलंय?" ती थांबली. मग आवाज खाली आणला, आणि तो खाली आणल्यावर जास्त भीती वाटायला लागली. "बाळंतपण कुठं?"

दाजींनी मडगार्डकडं बघितलं. "इथं."

"सासूबाईंना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"कधी?"

"आज. घरी गेल्या गेल्या."

"आणि राख?"

"राख काय, सगळीकडंच असती," दाजी म्हणले. साळवे काका कुंपणावरून ओरडले, "बरोबर आहे!" तेव्हा आमच्या लक्षात आलं, की ते अजून तिथंच आहेत.

राहिला प्रश्न मडगार्डचा. ते तर झाकता येत नव्हतं. विहीणबाईंना काय सांगायचं? आणि मग हळूहळू, कुणी न ठरवता, आईनं माझ्याकडं बघितलं, अण्णांनी बघितलं, ताईनं बघितलं, दाजींनी तर अशा प्रेमानं बघितलं की तसं मला नंतर बायकोनंही बघितलं नाही. मी म्हणलं, "समजलं." आख्ख्या मडगार्डाचं बिल माझ्या नावावर फाटलं. म्हणजे पैसे दाजींनीच भरले, पण लासलगावात अधिकृत हकिकत अशी गेली, की सुमनच्या येड्या भावानं पूजेला नारळ असा काही आपटला, की पत्राच आत गेला. एका नारळानं परातीएवढा पोचा! कुणीतरी शंका घ्यायला पाहिजे होती. कुणी घेतली नाही. माझ्याबद्दल लोकांना काहीही खरं वाटायचं.

निघताना आईनं तो न फुटलेला नारळ उचलला, पुसला आणि ताईच्या ओटीत घातला. ताईनं काचेतून हात हलवला. दाजींनी गाडी अशी हळू बाहेर काढली, जणू तिला झोप लागलीय. मी लिंबं काढायची विसरलो होतो, ती चाकाखाली फुटली. त्या दिवशी ठरल्याप्रमाणे फुटलेली तेवढीच एक गोष्ट.

पुढच्या आठवड्यात निरोप आला. दाजींनी शब्द पाळला होता. धोंडे खाऊन शब्द देऊन बसलोय, आता मोडला तर अपशकुन होईल, असं त्यांनी आपल्या आईला सांगितलं म्हणे. आम्हाला वाटायचं तेवढे ते गरीब नव्हते. विहीणबाईंनी बराच वेळ विचार केला आणि म्हणल्या, "धाडते. पण त्या नारळ्याला पाळण्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाय." तो हुकूम आमच्या घरात तंतोतंत पाळला गेला. माझा भाचा समीर आमच्या क्वार्टरात जन्माला आला, आणि मी त्याला कित्येक दिवस दाराच्या चौकटीतून बघितला, हात मागं बांधून. पोरगं मोठं गुणी. भोंगा वाजला की शांत झोपायचं. लासलगावला नेल्यावर तीन वाजता ते रडायला लागायचं आणि कुणाला कारण कळायचं नाही.

बारशाला विहीणबाई आल्या. मोठं कुंकू, तोच आवाज. मी कोपऱ्यात उभा. त्या सरळ माझ्यापुढं आल्या आणि म्हणल्या, "हात दाखव." मी दाखवले. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले, बोटानं चोळून बघितले, तूप-तेल काही लागलंय का. मग म्हणल्या, "बस खाली." मी मांडी घातली आणि त्यांनी बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी हललोसुद्धा नाही. श्वासही जपून घेत होतो. बाळानं माझ्या नव्या पँटवर जे करायचं ते केलं. विहीणबाई हसल्या. त्या हसतात हे मला त्या दिवशी कळलं. त्या देवाघरी गेल्या तोवर मडगार्डचं खरं त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि मला वाटतं, त्यांनी विचारलंही नाही ते बरंच केलं. ती पुट्टीची चकती मात्र अण्णांनी टाकली नाही. आमचा पलंग एका पायानं डुगडुगायचा, त्याच्याखाली ती बसली ती क्वार्टर सोडेपर्यंत.

यंदा समीरनं नवी गाडी घेतली. पंचवटीत पूजा केली, आम्ही सगळे गेलो. ताई आता केस पांढरे करून सासूच्या त्याच करड्या आवाजात सुनेवर माया करते. दाजी काठी घेऊन. समीरनं नारळ माझ्या हातात दिला. "मामा, मान तुमचा." त्याच्या बायकोनं मोबाइल वर धरला. बाकीची माणसं पाच-सहा पावलं मागं सरकली, दाजी तेवढे पुढं सरकून मडगार्डला टेकून उभे राहिले. माझ्याकडं बघून त्यांनी डोळा बारीक केला. ताई म्हणली, "आधी हात दाखव." मी दाखवले. साबणानं धुऊन आलो होतो. सगळे श्वास रोखून उभे. मी ओवाळलं, नारळ वर नेला आणि दगडावर आणला. तो पहिल्याच फटक्यात फुटला, सरळ दोन भकलं, पाणी चाकावर.

कुणीच टाळी वाजवली नाही. सुनेनं मोबाइल खाली केला. दाजी मडगार्डपासून बाजूला झाले, जरा नाराजच. समीर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणला, "मामा, म्हातारे झालात तुम्ही."